शनिवारचा एक ग्लास

गेली चार वर्षं दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या किचनच्या ओट्यावर एकच कार्यक्रम असतो. एक कॉकटेल. नवीन, नाहीतर मागच्या आठवड्यात फसलेलं पुन्हा. आठवडाभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधले बग शोधल्यावर ज्याचा निकाल पाच मिनिटांत हातात येतो असं काहीतरी करावंसं वाटतं, एवढाच हेतू.

सुरुवात डायकिरीपासून केली. क्यूबातल्या सांतियागोजवळ डायकिरी नावाचं गाव आहे. 1898 च्या सुमारास तिथल्या खाणींवर काम करणाऱ्या जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन इंजिनियरने हे पेय बनवलं असं सांगतात. म्हणजे आपल्याच जातकुळीचा माणूस :-) रम, लिंबू, साखर. तीनच गोष्टी, म्हणून सोपं वाटलं. पहिला ग्लास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. आनंदाने नव्हे, आंबटपणाने!

मग कळलं की पुस्तकातलं लिंबू आणि आपल्या भाजीवाल्याचं कागदी लिंबू वेगळं. आपलं लहान आणि जास्त तिखट आंबट. साधारण माप 60 मिली पांढरी रम, 22 मिली लिंबाचा रस आणि 22 मिली साखरेचं पाणी. मी रस 18 वर आणला तेव्हा जमलं. साखरेचं पाणी म्हणजे गुलाबजामचा एकतारी पाक नाही हो. साखर आणि पाणी समान घ्यायचं, विरघळेपर्यंत गरम करायचं आणि गार करायचं, बस्स.

दुसरा धडा बर्फाचा. बर्फ फक्त गार करतो असा माझा समज होता. दहा-बारा सेकंद जोरात हलवल्यावर ग्लासात जे येतं त्यात पाव ते तिसरा हिस्सा वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, आणि तेही रेसिपीचाच भाग असतं. आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाशेजारी बोंबील होते. पुढचं सांगत नाही.

तर सगळा खेळ मापाचा. पहिले दोन महिने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं झाकण वापरलं, त्यावर 5 आणि 10 मिलीच्या खुणा असतात. मग 30-60 चा स्टीलचा जिगर आणला. आणि कपाटात कायदेशीर परवाना. हो, महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली अजूनही परवाना लागतो, आणि तो प्रकृतीच्या रक्षणासाठी दिला जातो! मित्रांना ही गंमत सांगितली की हमखास हशा.

असो. आता जे सांगायचं होतं ते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधली निम्मी माणसं एका सकाळी कमी झाली. मी राहिलो, आणि त्यांचं कामही माझ्याकडे राहिलं. रात्री अकराला लॅपटॉप बंद करायचा आणि कपाट उघडायचं. पहिल्यांदा मंगळवार होता. म्हटलं, शनिवारची रेसिपी टेस्ट करतोय. दुसऱ्या मंगळवारी लिंबू नव्हतं, म्हणून नुसतीच. तिसऱ्या आठवड्यात जिगर धुवायचा कंटाळा आला. बायको एकदा म्हणाली, "आज मंगळवार आहे ना?" मी म्हटलं, "हो, का?" आणि विषय संपवला. आपल्याला वाटतं विषय संपवला.

त्याच सुमारास बाबा कराडहून आठ दिवस राहायला आले. बाबांनी एका डॉक्टरांकडे पस्तीस वर्षं कंपाउंडर म्हणून काढली. आमच्या घरात दारू हा शब्द उच्चारला जात नसे. मोठे काका मी तिसरीत असताना गेले, आणि ते कशाने गेले हे कोणी सांगत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे बाबा येण्याआधी बाटल्या वरच्या कप्प्यात, डब्यांच्या मागे.

एका रात्री बाबांना खोकला लागला. औषधाचं झाकण शोधायला त्यांनी नेमका तोच कप्पा उघडला. मी बाहेर आलो तर बाबा ओट्यापाशी उभे, चष्मा कपाळावर, हातात जिगर.

"माप चांगलं आहे," म्हणाले. "स्टीलचं आहे. आमच्याकडे काचेचा औंस ग्लास होता."

मग परवान्याचा कागद उलगडून शांतपणे वाचला. "प्रकृती सांभाळतोयस?"

मला हसूही येईना. बाबांनी औषध मोजून घेतलं, झाकण धुतलं, पालथं घातलं. मग म्हणाले, "तुझे मोठे काका दवाखान्यात यायचे. स्पिरिट मागायला. मी द्यायचो नाही." थोडा वेळ थांबले. "एकदा दिलं होतं. हात कापत होते त्यांचे, बघवेना."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. आईलाही माहीत असेल असं वाटत नाही.

"तू शनिवारी काय करतोस ते सूनबाईंनी सांगितलंय मला. मोजून करतोस म्हणे. कर. पण परवा रात्री मी जागा होतो. तू मोजलं नाहीस."

एवढं बोलून झोपायला गेले. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

त्या आठवड्यात मी डॉक्टरांना भेटलो, आणि बायकोला मंगळवारचं सगळं खरं सांगितलं. ते जास्त अवघड गेलं. दोन महिने शनिवारही बंद ठेवला. आता शनिवार आहे, एकच ग्लास आहे, मापाशिवाय थेंब नाही, आणि कपाटाची किल्ली बायकोकडे आहे. मंगळवार अजूनही येतो. रात्री अकराला पाय तिकडे वळतात, हे लपवण्यात अर्थ नाही. कपाटाला कुलूप असतं, मग मी चहा टाकतो.

त्या खेपेला बाबा निघायच्या आदल्या दिवशी शनिवारच होता. सात वाजता तेच म्हणाले, "आज काही नाही का?" मी पेनिसिलिन करायचं ठरवलं. नाव ऐकून कंपाउंडर साहेब चमकले! 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी या बारमध्ये सॅम रॉसने बनवलेलं हे कॉकटेल. स्कॉच, लिंबू, आलं-मधाचा पाक आणि वरून धुरकट स्कॉचचा थर. मी स्कॉच सगळीच गाळली. 25 मिली आलं-मधाचा पाक, 20 मिली लिंबूरस, पाणी, भरपूर बर्फ. दोन ग्लास, दोन्ही सारखे.

बाबांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"काढाच की हा," म्हणाले. "ज्येष्ठमध पाहिजे होतं."

तेव्हापासून त्या पाकात मी ज्येष्ठमधाची एक काडी उकळवतो. खरंच चांगलं लागतं.