हशा वजा केल्यावर

संदीप खरे यांचं 'मी मोर्चा नेला नाही' भरल्या नाट्यगृहात ऐकलं, की फळा-भाजीच्या कडव्याला हमखास हशा येतो. कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह असो की बालगंधर्व, त्या हशाची जागा ठरलेली. सलील कुलकर्णींबरोबर 2003 मध्ये सुरू झालेल्या 'आयुष्यावर बोलू काही'नं आपल्याला या गाण्याची इतकी सवय लावली, की ते गमतीचं गाणं आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका उरलेली नाही.

परवा वनाझला मेट्रोत बसलो आणि त्याआधीचा अल्बम लावला, 'दिवस असे की'. शब्द संदीपचे, चाली त्याच्याच, आवाज त्याचा आणि शैलेश रानडे यांचा. (कवीला अरे-तुरे करायची आपली जुनी खोड, ती इथंही सुटत नाही.) नळस्टॉपला गाडी आली तेव्हा खाली उड्डाणपूल, त्याच्याही खाली कर्वे रस्ता आणि आपण या सगळ्याच्या वर. इतक्या उंचीवरून लोकांच्या गॅलऱ्या थेट दिसतात. एक गृहस्थ बनियनवर उभे राहून दोरीवरच्या शर्टाची कॉलर ताणून सारखी करत होते, अगदी मन लावून. खाली हॉर्नचा नुसता कल्लोळ चाललेला, त्यांनी मान काही वळवली नाही.

नेमकं तेव्हाच कानात 'मी मोर्चा नेला नाही' सुरू होतं. भोवती लोक लढतायत, चिडतायत आणि हा बाजूला उभा. इतका निरुपद्रवी, की रस्त्याकडेचा दगड म्हणूनही त्याला कुणी उचलून भिरकावत नाही. मग ते फळा-भाजीचं कडवं आलं. शेजारी हसणारं कुणी नव्हतं. डब्यातले बहुतेक जण आपापल्या फोनमध्ये मान घालून बसलेले. हशा वजा केल्यावर त्या कडव्यात जे शिल्लक राहतं ते चांगलंच बोचरं आहे. नाट्यगृहात आपण त्या माणसाला हसतो, कारण आजूबाजूची पाचशे माणसंही हसत असतात आणि 'तो मी नव्हेच' म्हणायला तेवढा आडोसा पुरतो. एकट्यानं ऐकताना हा आडोसा मिळत नाही.

मराठी भावगीत हे पूर्वीपासून वाटून केलेलं काम. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं, त्यातली छप्पन्न गीतं गदिमांची आणि चाली बाबूजींच्या. गजाननराव वाटवे स्वतः चाल लावून गायचे, पण कविता बहुधा दुसऱ्या कुणाची. पाडगावकर, विंदा, बापट यांनी गावोगाव कविता ऐकवल्या, पण त्यांच्या कवितांची गाणी झाली ती संगीतकारांच्या हातून. बंगालीत सुमन चट्टोपाध्याय यांनी 1992 मध्ये 'तोमाके चाई' आणला आणि स्वतः लिहून, चाल लावून स्वतःच गायची लाट उठवली. आपल्याकडे हे धाडस फार थोड्यांनी केलं आणि त्या थोड्यांत हा पुण्याचा मुलगा. त्यानं काय साधलं, ते 'दिवस असे की'च्या शीर्षकगीतात कळतं. तोच शब्द कसलेल्या गायकाला दिला असता तर त्यानं तो सजवला असता, एखादी नाजूक जागा घेतली असती. संदीप ती घेत नाही. बोलता बोलता गाणं लागावं, तसा त्याचा सूर लागतो. कुणी आपलं नसण्याची आणि आपणही कुणाचे नसण्याची ती तक्रार सुरेल झाली असती तर खोटी वाटली असती.

पुढे 'दमलेल्या बाबाची कहाणी' आली आणि मोठमोठे बापे नाट्यगृहात रुमाल काढू लागले. त्या गाण्याचं मोल मला मान्य आहे. पण ते रडणंही चारचौघांतलं, हशासारखंच, एकमेकांच्या आधारानं येणारं. 'दिवस असे की'त असा आधार कुठेच मिळत नाही. पहिल्या उमेदीतल्या कवीचं ते काम आहे, काही गाण्यांत वयाचा हळवेपणा जास्त झालाय, एखाद्या ठिकाणी यमकानं कवीला ओढत नेलंय. तरी माझ्या लेखी तोच त्याचा सर्वांत खरा अल्बम. 1973 चा जन्म म्हणजे संदीप आता पन्नाशी ओलांडून गेला. त्याच्याबरोबर आम्ही ऐकणारेही पिकलो. कॉलेजात असताना ही प्रेमभंगाची गाणी वाटायची. आता ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या, सिग्नलला कुणाला मार बसताना काच वर करून घेणाऱ्या माणसाची वाटतात. प्रेमभंग त्यात आहे, पण तो अर्ध्याहून कमी.

ऐकायची सोय आता फार झालीय, त्यामुळे नीट ऐकणं मात्र राहून जातं. फोन आपल्या मर्जीनं दुसऱ्याच कुणाचं गाणं मध्ये घुसवतो. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसचं नाव निघालं की जुनी मंडळी अजून हळहळतात, ती उगीच नव्हे. कॅसेट घरी आणली की दोन्ही बाजू सलग ऐकल्या जायच्या, मधलं नावडतं गाणंसुद्धा.

तेव्हा 'आयुष्यावर बोलू काही'चा प्रयोग जवळपास लागला तर जरूर जा, हसा, टाळ्या द्या. पण जाण्यापूर्वी एकदा 'दिवस असे की' पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गाणं न गाळता ऐका. आणि शक्यतो एकट्यानं ऐका.