बोटांवरचा झेंडू

झेंडूच्या फुलापेक्षा त्याच्या पानाला वास जास्त. पान दोन बोटांत धरून जरासं चुरडलं, की एक उग्र, हिरवा, कडसर दरवळ उसळतो आणि मग तो हात सोडत नाही. साबणाने धुवा, चिंचेने घासा. संध्याकाळी कणीक मळताना तो पुन्हा वर येतो, आणि रात्री गालाखाली हात घेऊन कुशीवर वळावं तर अंधारात, अगदी जवळ, तो असतोच. थंडीचे महिने माझ्या बोटांना हाच वास असतो. आमच्या उमरेडमधल्या आणखी काही बोटांनाही असतो. रस्त्याच्या दुभाजकात, बसथांब्याजवळच्या तुकड्यात, देवळाच्या कठड्यालगतच्या अरुंद पट्ट्यात आम्ही काहीजण मिळून हंगामी फुलं लावतो, त्या सगळ्यांच्या. बाजारात भाजी घेताना शेजारच्या बाईने पैसे पुढे केले, की तिच्या हातावरूनच मला कळतं, आज हिची पाळी होती.

हा वास मला पहिल्यांदा भेटला तो आगगाडीत. अडीच फुटांच्या रुळांवरून डुलत येणारी ती इतवारी-नागभीड गाडी आता नाही. शंभरावर वर्षं धावून २०१९ मध्ये ती रूळ रुंद करण्यासाठी थांबली. माझ्या लहानपणी मात्र नागपूरला जाणं म्हणजे तिच्यातूनच जाणं. पाऊस सरला, दसरा उलटला, की बाबा मला घेऊन निघत. महाराजबागेत फिरवत. एकेकाळची ती भोसल्यांची बाग, पुढे कृषी महाविद्यालयाच्या हाती आली. मला तिथल्या पिंजऱ्यांतली जनावरं पाहायची असत आणि बाबांना वाफे. येताना त्यांच्या हातात रोपांच्या जुड्या असत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वरून गोणपाटाचा तुकडा. डब्यात ही दाटी. पोती, पेट्या, कुणाच्या मांडीवर झोपलेलं मूल. कुहीच्या पुढे ऊन खिडकीतून तिरपं आत यायचं, गोणपाट तापायचं आणि सगळ्या डब्यात तो वास पसरायचा. कुणीतरी विचारायचंच, "काय आहे जी त्यात?" बाबा म्हणायचे, "झेंडू आहे. शाळेसमोर लावाचा आहे." आणि ते ऐकल्यावर समोरचा माणूस आपले पाय आखडून घ्यायचा, जुड्यांना जागा करून द्यायचा. घरच्या अंगणासाठी नेत असते तर त्याने पाय आखडले असते की नाही, कोण जाणे. शाळेसमोर म्हटल्यावर ती रोपं थोडी त्याचीही झाली होती.

ते पाय आखडणं मी विसरले नाही.

उमरेड म्हटलं की बाहेरच्या माणसाला कोळसा आठवतो. म्हाताऱ्या माणसांना कोष्ट्यांचे माग आठवतात, रेशीमकाठी धोतरं आठवतात. आणि हल्ली थंडीच्या दिवसांत पहाटे गाड्या भरभरून येतात त्यांना फक्त कऱ्हांडल्याच्या अभयारण्यातला वाघ हवा असतो. फुलांसाठी आमच्या गावाचं नाव कुणी घेत नाही. पण त्या गाड्या चौकात क्षणभर हळू होतात, मागच्या सीटवरचं एखादं मूल झोपाळल्या डोळ्यांनी काचेला नाक लावून पिवळ्या-केशरी पट्ट्याकडे पाहतं, आणि मला वाटतं, आज याला वाघ दिसो न दिसो, झेंडू तर दिसला.

उघड्या खाणीचं गाव म्हटल्यावर धूळ आलीच. डिसेंबरच्या धुक्यात ती जड होऊन खाली बसते आणि पिटुनियाच्या पांढऱ्या पाकळीवर काजळाची बारीक रेघ उमटते. पानांवर साचली तर त्यांची रंध्रं बुजतात, झाड कोमेजल्यागत दिसू लागतं. म्हणून आमच्याकडे रोपांना नुसतं पाणी घालून भागत नाही, त्यांना न्हाऊ घालावं लागतं. झारीचं तोंड बारीक छिद्रांचं हवं, हात हलका हवा, आणि वेळ सकाळची हवी. दुपारपर्यंत पान कोरडं झालं पाहिजे, रात्रभर ओलं राहिलेलं पान बुरशी धरतं. हे काम खाणीतून निवृत्त झालेले एक काका करतात. त्यांचं सगळं आयुष्य त्या धुळीत गेलं. ते त्याबद्दल बोलत नाहीत. कानटोपी घालून, गळ्याभोवती मफलर गुंडाळून ते एकेका कुंडीपाशी थांबतात, झारी तिरपी करतात, मग एखादं पान तळहातावर घेऊन अंगठ्याने पुसतात, उलटं करून पाहतात, आणि पुढच्या कुंडीकडे जातात. मी कितीदा तरी दुरून उभी राहून त्यांना पाहिलं आहे. त्या अंगठ्याखाली काळं निघून हिरवं वर येतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याला समाधान म्हणणं फार मोकळं होईल. काहीतरी फिटल्याचा भाव असतो तो.

आमची काळी माती कपाशीला आणि तुरीला मानवते, कोवळ्या रोपाला जड जाते. भिजली की चिकट, वाळली की भेगाळलेली. म्हणून तिच्यात वाळू मिसळायची, कुजलेलं शेणखत चाळून घालायचं, गादीवाफा उंच करायचा, की पाणी तुंबून मर लागू नये. बी पेरल्यावर कडेने राखेची रेघ ओढायची, कारण मुंग्या रातोरात बी पळवतात. झेंडूचं बी तुम्ही कधी हातात घेऊन पाहिलं आहे? काळी, सुईइतकी बारीक काडी, आणि तिच्या टोकाला फिकट, वाळलेला केसांचा झुपका. यातून काही उगवेल असं वाटत नाही. चार-पाच दिवसांनी सकाळी जाऊन पाहावं तर मातीला हिरवी कूस फुटलेली असते, दोन-दोन पानांच्या जोड्या, आणि त्यातल्या एखाद्या पानाच्या डोक्यावर ते काळं टरफल अजून टोपीगत अडकलेलं. पुढे महिनाभराने संध्याकाळचं ऊन उतरलं की रोपं उचलून रस्त्यावर न्यायची. आळं करायचं, रोप ठेवायचं, मुळाशी माती दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. जाणारा-येणारा थांबतो. "काहून बाप्पा, टिकतील का हे इथं?" असं विचारून जातो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस शेळी हाकलताना दिसतो.

आणि मग शेंडे खुडायचा दिवस येतो.

रोप चांगलं अंगाला लागलेलं असतं, ताठ उभं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या मधल्या शेंड्यात पहिली कळी धरू पाहते. ती खुडायची असते. शेंडा गेला की झाडाचा सगळा जोर बाजूच्या डोळ्यांत उतरतो, चहूकडून फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी झाड भरून फुलं येतात. हे सगळं ठाऊक असतं, तरी हात अडतो. आमच्यात नव्याने आलेल्या एका मुलीचे डोळे त्या दिवशी भरून आले होते. एक आजी तिच्याजवळ बसल्या, तिचं बोट आपल्या बोटात धरलं आणि तिच्या नखाने शेंडा अलगद तोडवला. "दुखत नाही मायं त्याले," एवढंच म्हणाल्या. त्या दुपारी सगळ्या वाफ्यांवर आम्ही वाकलेल्या होतो, कुणी फारसं बोलत नव्हतं, आणि शेकडो खुडलेल्या शेंड्यांचा वास रस्त्यावर एवढा दाटला की थांब्यावरच्या एसटीतून लोक माना बाहेर काढून पाहू लागले. फूल एकही नव्हतं. नुसता हिरवा वास.

मला वर्षाचा तो दिवस सगळ्यांत जवळचा वाटतो. बहराच्या दिवसांपेक्षाही.

बहर आला की तो सगळ्यांचा होतो. पहाटे देवपूजेसाठी फुलं तोडून नेणारे असतातच. आमच्यातल्या काहींना राग येतो, पाट्या लावाव्यात असंही मध्ये ठरत होतं. मी त्याच्या विरुद्ध बोलले आणि अजूनही माझं तेच म्हणणं आहे. पहाटेच्या गारठ्यात एक म्हातारा माणूस टाचा उंचावून दुभाजकातलं एक फूल घेतो, कुणाच्या तरी तसबिरीला वाहतो. फुलाला याहून चांगलं घर आपण कोणतं देणार? फक्त त्याने झाड उपटू नये. नेल्याने फुलं वाढतात, हेही खरं आहे. वाळकी बोंडं झाडावर राहिली तर झाड बी धरायला लागतं आणि फुलायचं विसरतं.

फ्रान्समध्ये १९५९ पासून फुलांनी सजवलेल्या गावांची दरवर्षी पाहणी होते, आणि गावाच्या वेशीवर फुलांची चित्रं असलेली पाटी लागते, एक फूल ते चार फुलं. वाचलं तेव्हा ती पाटी मला फार आवडली. तिथेही कुणीतरी अंधारात उठून झारी भरत असणार, आणि पाटीवर त्याचं नाव नसणार.

आमच्या या पट्ट्यांमध्ये गावचं असं फार थोडं आहे. फ्लॉक्स टेक्ससची, पिटुनिया दक्षिण अमेरिकेची, गलांडा उत्तर अमेरिकेच्या कोरड्या माळांवरचा, शेवंती चीनची. आणि ज्याच्यावाचून आमचा दसरा उगवत नाही, तो झेंडू मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लोक आपल्या मृतांची आठवण जागवतात. घराच्या दारापासून आत मांडलेल्या फोटोंपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगाच्या आणि वासाच्या मागावर गेलेली माणसं त्या रात्री आपल्या घरी येतात, असं मानतात. नेमके तेच दिवस आमच्याकडे रोपं लावायचे. दिवाळीची धांदल, हात मातीत, आणि मध्येच चुकून एखादं पान नखाखाली चुरडलं जातं.

ते ऊन. ते गोणपाट. "शाळेसमोर लावाचा आहे."

बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शाळेसमोरचा तो वाफाही आता नाही, तिथे सायकली उभ्या असतात. पण गाडीतला तो माणूस अजून पाय आखडून बसलेला मला दिसतो, आणि बाबांच्या करंगळीला लागलेली ओली माती दिसते, आणि हे सगळं येतं ते नाकावाटे, डोळ्यांना काही कळायच्या आधी. अशा वेळी मी कुणाशी बोलत नाही. शेजारची बाई काय ते समजते आणि खुरपं माझ्याकडे सरकवते.

मार्च लागला की आमच्याकडचं ऊन दया करत नाही. आठवडाभरात फ्लॉक्स जळते, पिटुनिया वेलासारखी लोंबून पडते, झेंडूची बोंडं तपकिरी होतात. तेव्हाची कामं वेगळी. चांगल्या झाडांची बोंडं वेचायची, सावलीत वाळवायची, कागदाच्या पुड्यांत घालून वर रंग लिहायचा. बाजारातलं संकरित बी पुढच्या वर्षी मूळ रूप धरत नाही, म्हणून आम्ही देशी झेंडू आणि गलांडा हट्टाने जपतो. झेंडूची मुळं मातीतच राहू देतो, त्यांच्या रसाने सूत्रकृमी हटतात. मग वाद सुरू होतो, उन्हाळ्यात काय लावायचं. काका म्हणतात चिनी गुलाब, उन्हाशिवाय तो उघडतच नाही. आजी म्हणतात सदाफुली, पाणी चुकलं तरी तगते. पाणी कुणाच्या घरून आणायचं, हा खरा प्रश्न असतो, आणि त्यावर एकेकजण आपापल्या घरचा दिवस सांगत जातो, सोमवार माझा, मंगळवार हिचा.

यंदा थांब्यावरच्या चहावाल्या पोराने गलांड्याच्या बियांची एक पुडी मागून घेतली. भिवापूरच्या पुढे त्याचं गाव आहे. आईला देतो म्हणाला. गावात बस जिथे वळते तिथे जागा आहे, ती लावेल. कधी पेरायचं, ते त्याने दोनदा विचारून घेतलं. मी मृगानंतर म्हणून सांगितलं आणि मुंग्यांसाठी राख विसरू नको असंही.