खर्जाला लागणारी जागा

बीट पूर्ण झाला की नाही, याचा निकाल मी संगणकासमोर बसून देत नाही. तो गाडीत लागतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ नागपूरहून रायपूरकडे जाताना भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून जातो. या पट्ट्यात दिवसा गाड्यांमध्ये टेप, स्पीकर, वूफर बसवणं हा माझा धंदा, आणि रात्री हिप-हॉपचे बीट बनवणं हे माझं दुसरं काम. ओळखीतल्या लोकांना ही दोन टोकं वाटतात. मला ती कधीच तशी वाटली नाहीत. दोन्हीकडे माझी झटापट एकाच गोष्टीशी चालते, ती म्हणजे खर्ज. त्याला गाण्यात जागा करून द्यावी लागते आणि गाडीतही.

हिप-हॉपमधला खर्ज म्हणजे आज बहुतेक वेळा एट-ओ-एट. रोलंड या जपानी कंपनीनं १९८० साली टीआर-८०८ हे ड्रम मशीन काढलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही अशी तक्रार झाली आणि साधारण १२,००० नग बनवून १९८३ साली ते बंद पडलं. मग जुनी मशीन स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांच्याकडे स्टुडिओचं भाडं भरायला पैसे नव्हते अशा पोरांच्या हातात गेली. त्या मशीनची किक लांबवता येत होती. ठोका पडल्यावर खाली एक गोल, घुमणारा सूर रेंगाळायचा. त्या रेंगाळण्यावर पुढे अख्ख्या संगीताची इमारत उभी राहिली. मशीनवर ओळीनं सोळा बटणं होती. १९९७ साली बेल्जियममध्ये निघालेल्या फ्रूटीलूप्समध्ये, म्हणजे आजच्या एफएल स्टुडिओत, पडद्यावर तेच सोळा चौकोन आले. साकोलीचा पोरगा आज सेकंड-हँड लॅपटॉपवर त्या चौकोनांत किक मांडतो, तेव्हा त्याचा हात त्याच जुन्या मशीनवर फिरत असतो.

आता हा सूर गाडीत काय करतो ते सांगतो, कारण बीट बनवणाऱ्या पोरांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. ५५ हर्ट्झचा सूर घ्या. त्याची एक लहर सहा मीटरपेक्षा थोडी लांब असते. गाडीच्या आत काचेपासून मागच्या दारापर्यंत अडीच-तीन मीटर जागा. म्हणजे अर्धी लहरसुद्धा धड मावत नाही. त्यामुळे त्या सुराखाली आवाज लहरीसारखा फिरत नाही, तो सगळ्या गाडीत एकदम दाब वाढवतो आणि कमी करतो. जितकं खाली जाल तितकी गाडी स्वतःहून खर्ज वाढवून देते. घरातल्या खोलीत उलटं होतं. दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की त्यांच्यामध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज फुगतो आणि खोलीच्या मधोमध तोच आवाज हरवतो. खुर्ची दोन फूट सरकवली की बीट वेगळा ऐकू येतो. अशा खोलीत बसून ‘बास बरोबर आहे’ असं कोणी म्हणालं की मी त्याला गाडीत बसवतो.

हे नवीन नाही. जगभरचे मिक्स करणारे लोक गाणं पक्कं करण्याआधी गाडीत ऐकतात. इथे तर गाणं ऐकण्याची पहिली जागाच गाडी आहे. हेडफोन कॉलेजातल्या पोरांकडे असतात, पण गाणं गावात पसरतं ते बोलेरोतून, मॅक्स पिकअपमधून, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरवरून.

ट्रॅक्टरबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांध्यांमध्ये चिखलणी चालते, ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावलेली असतात आणि मडगार्डवर दोन स्पीकर बांधलेले. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर चाललं, तर त्यात सेकंदाला ४५ स्फोट होतात. म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच ४५ हर्ट्झचा सूर धरून बसलेला असतो. तुमच्या ८०८चा सूरही नेमका तिथेच, चाळीस ते साठच्या मध्ये. इंजिनाच्या त्या आवाजाखाली तुमचा खर्ज पूर्ण झाकला जातो. वर उघडं रान, दाब धरायला बंद पेटी नाही. अशा वेळी वूफर मोठा करून काही होत नाही. बीटमध्येच सोय करावी लागते. ८०८ला थोडं सॅचुरेशन देऊन त्याचे वरचे स्वर, ११०, १६५, २२० हर्ट्झ, जागे करायचे. माणसाचा कान विलक्षण आहे. हे वरचे स्वर मिळाले की तो खालचा, न वाजलेला सूर स्वतः जोडून घेतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवरही याच कारणानं बास असल्यासारखा वाटतो. चिखलात उभा असलेला माणूस मान हलवतोय की नाही, यावर माझा एक बीट पास होतो किंवा परत पडद्यावर येतो.

दुकानात येणारं गिऱ्हाईक मात्र वरच्या स्वरांचं बोलत नाही. ते म्हणतं, “भाऊ, गाडी हालली पाहिजे. नंबर प्लेट थरथरली पाहिजे.”

या मागणीचा मला आदर आहे. छातीवर येणारा आवाज हा आनंदच आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, गणपतीत, लग्नाच्या वरातीत तो आनंद आपल्या लोकांनी लहानपणापासून घेतलेला असतो. मी फक्त विचारतो, “हालू दे नं बाबू, पण गाण्याचे शब्द ऐकू यायला पाहिजेत का नाही?” मग आम्ही बसून हिशेब करतो.

खोक्यावर १,२०० वॅट छापलेलं असतं. तो क्षणभराचा आकडा. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत किती देतो ते. गाडीच्या टेपवर ‘५० गुणिले ४’ लिहिलेलं असलं तरी तो एका स्पीकरला खरे पंधरा-अठरा वॅटच देतो. आणि वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून मी आधी स्पीकरची संवेदनशीलता बघायला लावतो. तेवढ्याच वॅटवर ८७ डेसिबल देणाऱ्याऐवजी ९० देणारा स्पीकर घेतला, तर दुप्पट ताकदीच्या अँपचं काम फुकटात होतं.

वीज कुठून येणार, हा दुसरा प्रश्न. ५०० वॅट आरएमएसचा अँप पूर्ण जोरात चालला तर बॅटरीकडून पंचेचाळीसेक अँपिअर ओढतो. लहान गाडीचा अल्टरनेटर सगळा मिळून साठ ते नव्वद अँपिअर देतो, आणि त्यातच दिवे, एसी, वायपर. मग प्रत्येक किकला हेडलाइट मंद होतात. पोरांना त्यात मजा वाटते, मला त्या बॅटरीची काळजी वाटते.

तारेच्या बाबतीत मी कडक आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार जाड आणि चकचकीत मिळते. तिचं टोक कापून चाकूनं खरवडलं की आतून पांढरं दिसतं. भंडारा पितळेच्या भांड्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं, इथल्या घराघरात धातू वाजवून, घासून पाहणारी माणसं आहेत. त्यांना हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, हाही नियम मी मोडत नाही. अँपजवळ फ्यूज लावला तर अँप वाचतो, पण मधली सगळी तार उघडी राहते, आणि ती कुठे घासून पेटली तर गाडी जाते.

पण पैसे कमी असतील तर सगळ्यात आधी काय करावं? दार. गाडीच्या दाराचा पत्रा पातळ, त्यात भोकं, आत सैल प्लास्टिक. त्यावर कितीही महागडा स्पीकर लावा, तो बरीच ताकद पत्रा वाजवण्यात घालवतो. ब्यूटाइलची शीट आतून चिकटवून भोकं बंद केली की दार हाच स्पीकरचा डबा होतो. कंपनीचेच स्पीकर ठेवून फक्त एवढं केलं तरी किक स्वच्छ येते. वूफर घ्यायचाच तर रॅपसाठी सीलबंद डब्यातला दहा इंची मला आवडतो. तो खाली हळूहळू उतरतो आणि गाडीचा दाब तो उतार भरून काढतो. पोर्टवाला डबा मोठा वाजतो खरा, पण ज्या सुरावर तो बांधलेला असतो त्याच्या खाली ८०८ गेला की वूफरच्या कागदाला धरायला काही राहत नाही आणि तो मोकाट हलतो. आजचे बीट तर तीस-पस्तीस हर्ट्झपर्यंत घसरतात. आणखी एक, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि पावसाळ्यात एमडीएफचा डबा ओल धरून फुगतो. बंद गाडीत डिकीच्या कोपऱ्यात कोंबलेला अँप उन्हाळ्यात तापून बंद पडतोच. त्याला हवा लागेल अशी जागा ठेवा.

बीटमध्येही जागा हाच विषय असतो. किक आणि ८०८ एकाच वेळी पडले तर दोघे एकमेकांना खातात. मी किकला पहिला ठोसा देतो आणि तेवढा क्षण ८०८ला खाली दाबतो. रॅपचा आवाज येतो तिथे मधले स्वर उतरवतो. बीट ऐकायला अर्धवट वाटला पाहिजे, कारण उरलेला अर्धा रॅपर भरणार आहे. नवीन पोरांचे बीट इतके भरलेले असतात की गाणाऱ्याला उभं राहायला कोपरा मिळत नाही.

लय मी कुठून शिकलो, तर दिवाळीनंतरच्या मंडईतून. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीतल्या गावागावांत मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, आणि रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आणि नाटक. खडी गंमतीतला ढोलकीवाला उभ्यानं वाजवतो, शाहिराच्या तोंडाकडे बघत. १९८८ साली रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० बनवलं, त्यात स्विंग होता: दर दुसरा सोळांश ठोका थोडा मागे सरकवायचा, ५० टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटमध्ये ५८ टक्के स्विंग दिला, तर तो ठोका जेमतेम २७ मिलिसेकंद उशिरा पडतो. तेवढ्या उशिरानं मान हलायला लागते. डेट्रॉइटच्या जे डिलानं पुढे ठोके चौकटीच्या मागेपुढे असे काही सरकवले की आजही लोक त्याचं माप काढत बसतात.

मी एका ढोलकीवाल्या काकांना विचारून, मानधन देऊन त्यांचं वादन टिपून घेतलं आणि पडद्यावर त्याच्या लहरी मोजल्या. स्विंगचा एकच आकडा त्यावर बसत नव्हता. शब्द जड आला की ठोका मागे राहायचा, ओळ संपत आली की पुढे धावायचा. आणि धुमेवर, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूवर, हात दाबून ते सूर खालून वर असा चढवायचे, की ८०८ची स्लाइड त्यापुढे सपाट वाटावी. तेव्हापासून मी हाय-हॅट हातानं वाजवून घेतो, आणि स्लाइड काढताना तो हात डोळ्यांसमोर ठेवतो. त्यांच्या वादनाचा तुकडा मी बीटमध्ये वापरतो तिथे त्यांचं नाव गाण्याखाली लिहितो. हिप-हॉप उभंच राहिलं दुसऱ्यांच्या तबकड्यांवर. १९७३ साली ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कनं ड्रमचे तुकडे लांबवून वाजवले तिथपासून. पण क्लाइड स्टबलफील्डसारख्या ड्रमरचा ठेका शेकडो गाण्यांत वाजला आणि त्याच्या पदरात फारसं काही पडलं नाही. आपल्या ढोलकीवाल्यांचं तसं होऊ नये.

मराठीत आता रॅप ठामपणे उभा आहे. मुंबईच्या स्वदेसी या गटानं वारल्यांच्या आणि आरेच्या जंगलाच्या बाजूनं गाणं केलं, २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ सगळीकडे वाजलं. इकडची पोरं झाडीबोलीत लिहू लागली आहेत, आणि त्यातून माझ्यापुढे एक निराळं काम आलं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं, तिच्यात श आणि ष नाहीत, सगळीकडे स. रॅप वेगात असला की स वर स येतात. स ची धार पाच ते आठ हजार हर्ट्झमध्ये असते, आणि गाडीत ट्वीटर बसतो समोरच्या खांबावर, काचेला लागून, थेट कानाच्या रोखानं. घरी गोड वाटणारा आवाज गाडीत सुईसारखा टोचतो. मी ही धार कमी करणारा डी-एसर लावतो, पण हलक्या हातानं. बोली बोथट केली तर पोरानं ती लिहिली कशाला?

कानांबद्दल मी सगळ्यांना सांगतो. ८५ डेसिबल आठ तास सोसतात, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. गाडीत शंभर सहज होतात. सेटिंग करून देताना मी गेन तिथेच थांबवतो जिथे आवाज फाटायच्या आधी थोडी वाट शिल्लक असते, आणि गिऱ्हाईक पुन्हा वाढवायला आलं तर त्याला समोर बसवून आधी तेच गाणं कमी आवाजात ऐकवतो.

सध्या रोवणीवरचं एक गाणं हातात आहे. लिहिणारा पोरगा मोहाडीकडचा, आई दरवर्षी रोवणीला जाते, त्याच्या ओळींत कंबर दुखते आणि पाणी गुडघ्यापर्यंत येतं. त्याला पहिल्या ओळीपासून ८०८ हवा आहे. माझं म्हणणं, पहिलं कडवं फक्त ढोलकीवर जाऊ दे, खर्ज दुसऱ्या कडव्याला येऊ दे. आमचं जमलेलं नाही. दोन्ही बीट पेनड्राइव्हमध्ये टाकले आहेत. तुमसरच्या फेऱ्या मारणाऱ्या एका पिकअपवाल्याला तो दिला आहे, कोणता कोणाचा हे न सांगता. परतताना तो कोणता पुन्हा लावतो, ते विचारणार आहोत.