झीज आणि खोट

बँकेतील नोकरीने एक सवय अंगी जडली : वस्तू पाहण्यापूर्वी तिच्याविषयीचा आकडा पाहायचा. गेल्या वर्षी चिरंजीवांनी जुनी मोटार घ्यायचे ठरवले, तेव्हा याच सवयीने मला जवळजवळ फसवले होते.

आम्ही हुडकेश्वरला राहतो. चिरंजीवांचे कापडाचे दुकान इतवारीत. सूनबाईंना दिवस गेले होते. दवाखान्याच्या फेऱ्यांना दुचाकी चालण्यासारखी नव्हती आणि नव्या गाडीसाठी कर्ज काढायचे नाही, यावर आम्हा दोघांचे एकमत होते. शोधाअंती दोन गाड्या उरल्या. दोन्ही एकाच नमुन्याच्या, २०२१ सालच्या. पहिली अवघी २६ हजार किलोमीटर चाललेली, रंग नव्यासारखा. किंमत साडेचार लाख. दुसरी एका औषधविक्री प्रतिनिधीची, अमरावती-यवतमाळच्या फेऱ्यांत १ लाख ३२ हजार किलोमीटर झालेली. आसनांचे कापड विरलेले, दारावर ओरखडा. किंमत ४ लाख १० हजार.

मी क्षणाचाही विलंब न लावता पहिलीवर बोट ठेवले. चाळीस हजारांत एक लाख किलोमीटरांचे आयुष्य वाचते, हा माझा हिशेब.

सुदैवाने चिरंजीवांनी ओळखीच्या मिस्त्रींना सोबत नेले. त्यांनी इंजिन उघडण्याआधी सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची फिकट रेघ होती. मग त्यांनी पायाखालचे जाजम उचलले. आसनाच्या रुळाचे स्क्रू गंजलेले. “साहेब, ही पाण्यात उभी राहिलेली गाडी आहे,” एवढेच ते म्हणाले.

नागपूरकरांना यापुढे सांगण्याची गरज नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. घरांबरोबर असंख्य गाड्याही बुडाल्या. या गाडीचे हस्तांतर नोव्हेंबर २०२३ मधले होते. ती तारीख कागदावर मी स्वतः वाचली होती. तिचा अर्थ मात्र लावला नव्हता.

विचारल्यावर विक्रेत्याने आढेवेढे न घेता कबूल केले. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी गाडीची पूर्ण हानी झाली असे धरते. तशी धरलेली ही गाडी त्याने स्वस्तात घेऊन दुरुस्त केली होती. “कागद साफ आहेत. एक लाख कमी करतो,” तो म्हणाला. कागद खरोखरच साफ होते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावर ती पुन्हा बांधल्याचा शेरा कायमचा पडतो. आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावर तसा काही शेरा नसतो.

आता पेच खरा झाला. साडेतीन लाखांत नव्यासारखी गाडी, की त्याहून साठ हजार जास्त देऊन थकलेली?

त्या रात्री मला नोकरीतली एक जुनी गोष्ट आठवली. तारण मालाची तपासणी करताना मी पुढच्या रांगेतली पोती उघडून पाहिली, मागची नुसती मोजली. पुढच्या पोत्यांत धान्य होते, मागच्यांत कोंडा. मोजणी बरोबर होती, माल नव्हता.

झीज आणि खोट यांत हाच भेद आहे. झीज दिसते, म्हणून तिची तरतूद करता येते. क्लचप्लेट, टायर, शॉकअब्सॉर्बर यांचा खर्च मिस्त्री आधीच मांडून देऊ शकतो. दुसऱ्या गाडीच्या प्रत्येक सर्व्हिसची पावती होती आणि पावत्यांवरील किलोमीटर मीटरशी जुळत होते. पाण्याने धरलेली खोट मात्र वायरींच्या जोडांत मुरते आणि कोणत्या दिवशी वर येईल याचा नेम नसतो. एअरबॅगचे नियंत्रण करणारा भाग बहुधा गाडीच्या तळाशीच, मधोमध असतो. त्यातही पाणी गेले असेल, तर ती फुगेल की नाही हे अपघातावाचून कसे कळणार? आणि आमच्या गाडीत तान्हे बाळ बसणार होते.

शेवटचा शब्द मात्र चिरंजीवांचा. “बाबा, चार वर्षांनी आपण ही विकू तेव्हा घेणाऱ्याला काय सांगायचं? खरं सांगितलं तर कोणी घेणार नाही. नाही सांगितलं, तर दुकानात कोणत्या तोंडाने बसायचं?”

मी केवळ खरेदीचा हिशेब मांडत होतो. त्यांनी विक्रीचाही मांडला. आज लपवलेली वस्तू घेणाऱ्याला उद्या ती लपवावी लागते.

आम्ही दुसरी गाडी घेतली. मिस्त्रींनी मांडलेला ३४ हजारांचा खर्च झालाच, वर वातानुकूलनाचे यंत्र बदलायला आणखी १८ हजार लागले. नातीला दवाखान्यातून आणताना म्हाळगी नगर चौकात ती एकदा बंदही पडली. तेव्हा सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी बाहेर पाहिले.

सगळ्या पावत्या मी एका फाइलीत लावतो. त्या चौकातल्या दुरुस्तीचीही लावली आहे. गाडी ज्या दिवशी विकू, त्या दिवशी ती फाइल किल्लीबरोबरच हाती द्यायची, असे घरात ठरले आहे.