सातबारा तुमचा, हिरा कुणाचा?

मित्रांनो, छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक पाहिलाय ना? शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, एक रस्ता पैठण गेटकडे, एक उस्मानपुऱ्यावरून रेल्वे स्टेशनकडे, आणि जालना रोडवर तर दिवसभर गाड्यांची रीघ! १८५७ साली या शहरातल्या घोडदळाच्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध बंड पुकारलं. त्यांतल्या कित्येकांना इथल्याच काळ्या चबुतऱ्यावर देहदंड दिला गेला. चौकाचं 'क्रांती' हे नाव त्या वीरांची आठवण ठेवतं. याच चौकातून आज आपण निघणार आहोत हिऱ्यांच्या शोधाला!

थांबा, थांबा! कुदळ इथे मारू नका. चौकाखाली आहे आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. वेरूळचं कैलास लेणं कोरलं ते यातच. विहीर खणताना या खडकात कधी कधी चमचमणारे खडे निघतात. 'हिरा, हिरा!' म्हणून पोरं नाचतात. पण त्या असतात गारगोट्या, नाहीतर झिओलाइटचे स्फटिक. गारगोटीनंही काचेवर ओरखडा उठतो. तेव्हा काचेवर रेघ उठली म्हणजे हिराच, असं समजू नका बरं का!

खरा हिरा तयार होतो जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून खोल, प्रचंड दाबाखाली. ज्वालामुखीच्या नळीसारख्या वाटेनं एक वेगळ्याच जातीचा खडक त्याला वर आणतो. ऊन-पावसानं तो खडक झिजतो, पाण्याबरोबर हिरे वाहत जातात आणि गोट्यांच्या थरात अडकून बसतात. महाराष्ट्रातही हिऱ्यांसाठी नावाजलेलं एक गाव होतं: गडचिरोली जिल्ह्यातलं वैरागड. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त तिथल्या खाणीची नोंद केली आहे.

पण सगळ्या जगात गाजले ते गोवळकोंड्याचे हिरे. साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा व्यापारी रस्ता आपल्या शहरावरून जात असे. या रस्त्यानं ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या गेला. वाटेत त्याला संगमरवर वाहणाऱ्या तीनशेहून जास्त गाड्या दिसल्या. त्यांतल्या सगळ्यांत लहान गाडीलाही बारा बैल! तो दगड येत होता आपल्या बीबी का मकबऱ्यासाठी.

पुढे खाणींवर त्यानं काय पाहिलं? पुरुष माती खणत, बायका आणि मुलं ती वाहून नेत. बुटकी भिंत घातलेल्या अंगणात माती ओतायची, तिच्यावर पाणी सोडायचं, चिखल जाऊ द्यायचा, उरलेले खडे वाळवायचे, धान्यासारखे पाखडायचे आणि मग हातानं निवडायचे. कोल्लूरच्या खाणीवर अशी साठ हजार माणसं राबत होती, असं तो लिहितो. रावलकोंडा नावाच्या दुसऱ्या खाणीवर कसलेल्या कामगाराला वर्षाची मजुरी मिळे फक्त तीन होन! आणि त्याच गावात व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुलं रोज सकाळी झाडाखाली जमत. कमरेला एका बाजूला हिरे तोलायच्या वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला पाच-सहाशे होनांची थैली. कुणी हिरा विकायला आणला की तो आधी सर्वांत मोठ्या मुलाच्या हातात जायचा, मग एक शब्दही न बोलता या हातातून त्या हातात फिरायचा. वय तुमच्याएवढंच, पण कुणाच्या वाट्याला मातीची पाटी, तर कुणाच्या वाट्याला होनांची थैली.

आता आजच्या हिऱ्यांकडे वळू. क्रांती चौकातून स्टेशन गाठा, मनमाडला गाडी बदला. भुसावळ, इटारसी, जबलपूर करत सतन्याला उतरा. तिथून सडकेनं सुमारे पाऊणशे किलोमीटरवर मध्य प्रदेशातलं पन्ना. ज्याच्या मदतीला १७२९ साली बाजीराव पेशवे धावून गेले, त्या राजा छत्रसालाची ही राजधानी. जवळच मझगवाँला सरकारी कंपनीची यंत्रांची मोठी खाण आहे. पण आपल्याला पाहायच्या आहेत त्या कुदळ-फावड्यानं खणायच्या छोट्या खाणी. काही सरकारी जमिनीवर असतात, तर काही चक्क शेतकऱ्याच्या शेतात!

अशी खाण घ्यायची असेल तर पन्नाच्या हीरा कार्यालयात अर्ज करायचा आणि शुल्क भरायचं. २०२४ साली ते वर्षाला २०० रुपये होतं. मग पट्टा मिळतो आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद जागेचा. केवढी झाली ही जागा? कबड्डीचं मैदान मध्यरेषेवर कापलं तर एका बाजूला जेवढं उरेल, साधारण तेवढी. वरची माती काढत काढत गोट्यांच्या थरापर्यंत जायचं. त्याला तिथे 'चाल' म्हणतात. ती धुवायची, वाळवायची, पाखडायची, निवडायची. ताव्हेर्निए आज आला असता तर त्यानं काम लगेच ओळखलं असतं!

आता तुम्ही म्हणाल, "शेत आमचं, सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, मग खणायला परवानगी कशाला?" इथेच तर खरी गोम आहे. मध्य प्रदेशच्या कायद्यानं जमिनीतल्या खनिजांवर हक्क सरकारचा. आपल्याकडेही तसंच, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिचं कलम ४८ वाचा. म्हणजे शेतातली ज्वारी तुमची, पण शेताच्या पोटातला हिरा सर्वसाधारणपणे सरकारचा. मात्र तुमच्या शेतात दुसऱ्या कुणाला खणायचं असेल, तर त्याला तुमची संमती घ्यावी लागते. म्हणून खणणारा आणि शेतमालक आधी आपसात वाटणी ठरवून घेतात.

हिरा सापडला तर तो हीरा कार्यालयात जमा करायचा. तिथे वजन होतं, किंमत ठरते आणि लिलाव होतो. रॉयल्टी आणि कर कापून बाकी रक्कम पट्टेदाराला मिळते. २०१८ साली पन्नाच्या एका मजुराला ४२.५९ कॅरटचा हिरा सापडला. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, करा गुणाकार! जेमतेम साडेआठ ग्रॅम, दहाच्या नाण्याहून किंचित जड. लिलावात त्याला अडीच कोटींहून जास्त किंमत आली.

अशी बातमी वाचली की वाटतं, चला, आपणही कुदळ उचलू! पण वर्तमानपत्रात नाव येतं ते हिरा सापडलेल्याचं. ज्यांच्या खड्ड्यातून नुसते गोटेच निघाले, त्यांची बातमी कोण छापणार? आणि तसेच लोक जास्त. घरातली माणसं महिनोन् महिने राबतात, कुणी त्यासाठी कर्जही काढतं आणि शेवटी हात रिकामेच राहतात. शेतमालकाचंही तसंच. खणलेल्या जागेत त्या वर्षी पीक नाही. खड्डा नीट बुजवला नाही, वरची कसदार माती खाली आणि गोटे वर राहिले, तर पुढच्या पिकाचंही खरं नाही.

तर मित्रांनो, आता तुम्हीच ठरवा. पन्नाजवळ तुमचं दोन एकर शेत आहे. दारात एक जण पट्टा मागायला उभा आहे. चौसष्ट चौरस मीटर जागा द्याल का? दिलीत तर वाटणी किती मागाल? खड्डा कुणी बुजवायचा, हे आधीच कागदावर लिहून घ्याल का? आणि काहीच निघालं नाही, तर बुडालेल्या पिकाचं काय? आज रात्री जेवताना हा प्रश्न आई-बाबांपुढे ठेवा. आजोबा शेतकरी असतील तर त्यांना सगळ्यांत आधी विचारा!