लाल खडकांवरचा घाट

‘नरकाचा सूड’ हे रामसे बंधूंच्या सिनेमाचं नाव नाही! अमेरिकेतल्या युटा राज्यात मोॲब नावाचं छोटंसं गाव आहे, तिथल्या जीपच्या वाटेचं हे नाव : हेल्स रिव्हेंज. आईला मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बाबांना मात्र सांगावंच लागलं. त्यांनी ३१ वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी कुंभार्ली घाटात. रिटायर झाल्यावर डोळ्यांनी दगा दिला आणि स्टेअरिंग सुटलं. आमच्याकडे सॉल्ट लेक सिटीला आल्यापासून ते गाडीत मागे गप्प बसायचे. मॉल, देऊळ, मित्रांची घरं... सगळीकडे ‘छान आहे’ एवढंच. म्हणून एप्रिलच्या एका वीकेंडला चार तास ड्राइव्ह करून मोॲब गाठलं आणि गाइडसकट जीप बुक केली.

इथल्या खडकाला स्लिकरॉक म्हणतात. पूर्वी घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून सटकायचे, म्हणून हे नाव. रबरी टायर मात्र त्याला घोरपडीसारखे चिकटतात. जवळपास १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचाच हा दगड झालाय, पोत थेट सँडपेपरचा! भोवतीच्या कड्यांचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा. १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी या भागात कच्चे रस्ते पाडले आणि पुढे ते जीपवाल्यांच्या कामी आले. १९६७पासून तर दर ईस्टरला इथे त्यांची जत्राच भरते.

पहिल्याच चढावर समोर फक्त बॉनेट आणि आकाश. दोन्ही बाजूंना दरी. माझी बोलती बंद! माथ्यावर गाइडने गाडी थांबवली, लो गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढून घेतला. मी डोळे मिटले. शेजारून बाबांचा आवाज आला, “बरोबर आहे त्याचं. ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकच्या भरवशावर घाट उतरत नाहीत.”

खाली पोचल्यावर मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, नव्या ड्रायव्हरना पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो. मग त्याने बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. पुढचा तासभर दोघं हातवारे करत गप्पा मारत होते. माझ्या इंग्रजीची गरजच संपली.

एका थांब्यावर फोटोसाठी बाबा वाट सोडून वाळूत उतरणार, तेवढ्यात गाइड ओरडला. वाळूवरचा तो काळपट पापुद्रा जिवंत असतो, सूक्ष्मजीवांचा. तो वाळू धरून ठेवतो. एका पावलाने मोडला तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. जरा पुढे खडकात डायनोसॉरचे ठसे दिसले. बाबा म्हणाले, “याला नाही ओरडलं कुणी?”

परतीच्या चार तासांत बाबा पुढे बसले होते. धुक्यातली पहिली नाइट ड्युटी, फेल झालेला ब्रेक, मागे झोपलेले ४० पॅसेंजर... यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

तुम्हाला जायचंय? मार्च ते मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट. उन्हाळ्यात पारा चाळिशीजवळ जातो. पाणी भरपूर न्या, भाड्याची साधी कार या वाटेवर घालू नका. आणि आईबाबा सोबत असतील, तर त्यांना पुढची सीट द्या.