पाहुण्याची रोजनिशी

मुलांनो, तुमच्या घरी असा एखादा पाहुणा येतो का, की ज्याला दारात बघून आई तोंडभर हसते, 'या, या' म्हणते आणि स्वयंपाकघरात शिरल्यावर कपाळाला हात लावते? येतच असणार. आमच्याकडे तर दरवर्षी न चुकता यायचा.

मी हिंजवडीची. आता हिंजवडी म्हटलं की तुम्हाला काचेच्या उंच इमारती आणि मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्या आठवतात. पण आमच्या गावाला म्हातोबाचं देऊळ आहे, आणि चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड असतं. त्या दिवसांत घरोघरी पाहुण्यांची ही गर्दी! आमच्या घरी येणाऱ्यांत माझ्या वडिलांचे एक लांबचे मावसभाऊ असायचे. आम्ही भावंडं त्यांना गुपचूप 'मीठ-कमी काका' म्हणायचो. आईने काहीही वाढलं तरी पहिल्या घासाला ते म्हणायचे, "वहिनी, मीठ जरा कमी झालंय हो." पुरणपोळीलासुद्धा! बाबांच्या खुर्चीत बसायचे, आमचे मार्क सगळ्यांदेखत विचारायचे आणि टीव्हीचा रिमोट स्वतःच्या मांडीखाली ठेवायचे.

2002 सालची गोष्ट. मी आठवीत होते. तेव्हा अल्फा मराठी वाहिनीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका लागायची. आईबाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. आजोबा म्हणजे आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला आणि नातवंडं शलाका नि शिऱ्या, असं पाच जणांचं साधंसुधं घर. कोणी कोणाला विष घालत नाही, भरजरी साड्या नेसून कोणी जिन्यावर उभं राहत नाही. आम्ही सगळे ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचो. तर त्या वर्षी मीठ-कमी काकांनी मालिका चालू असताना दहा वेळा 'हा कोण? ही त्याची कोण?' असं विचारलं आणि ऐन शेवटाला बातम्या लावल्या. माझी धाकटी बहीण रडायलाच लागली. मी मनात म्हटलं, 'हे काका मालिकेत असते ना, तर पुढच्या भागात दिसले नसते!'

मालिकांमध्ये असे पाहुणे का येतात, याचा तुम्ही कधी विचार केलाय? मला तो पुष्कळ नंतर सुचला. घरातली माणसं पुढच्या आठवड्यालाही प्रेक्षकांना आवडायला हवीत, म्हणून त्यांना फार वाईट वागू देता येत नाही. पण सगळेच शहाण्यासारखे वागले तर गोष्ट कशी घडणार? मग भांडण बाहेरून आणावं लागतं. कोणी फुकट्या नातेवाईक येतो, कोणी बढाईखोर मित्र, कोणी खडूस साहेब. लेखकाच्या हातात जेमतेम वीस-बावीस मिनिटं, त्यामुळे पाहुणा दारातून आत येतानाच ओळखू यायला हवा. म्हणून त्याचा आवाज मोठा आणि खोड्या ठळक. शेवटी तो जातो, घरचे हुश्श करतात, आणि पुढच्या आठवड्यात नवी गोष्ट सुरू होते. त्या पाहुण्याचं नाव कोणी काढत नाही.

कधी कधी गंमतही होते. दूरदर्शनवर 1988 साली 'वागळे की दुनिया' नावाची हिंदी मालिका सुरू झाली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतलं मुंबईचं मध्यमवर्गीय मराठी घर, दिग्दर्शक कुंदन शाह. अंजन श्रीवास्तव वागळे झाले होते आणि आपल्या भारती आचरेकर राधिकाबाई. तिच्या एका भागात एका तरुणाच्या गाडीची बिचाऱ्या वागळेंना धडक बसते. तो गाडीवाला कोण होता, माहीत आहे? शाहरुख खान! तेव्हा तो सिनेमात आलेला नव्हता; त्याचा 'दीवाना' आला 1992 साली. एका भागात येऊन गेलेल्या त्या पोराचं पुढे काय होणार, हे त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या कुणाला ठाऊक होतं?

पण टिपऱ्यांकडे परत येऊ या, कारण मला सांगायचंय ते तिथेच आहे. ही मालिका दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या वर्तमानपत्रातल्या सदरावरून आली होती. मालिकेत आबा तेच झाले होते. अनुदिनी म्हणजे रोजनिशी. त्या घरातला प्रत्येक जण रोजनिशी लिहितो, आणि त्यामुळे वरवर चिडका वाटणारा माणूसही आतून कसा आहे ते आपल्याला कळतं. शिऱ्या आगाऊ आहे, पण आपण त्याच्यावर रागावत नाही. त्याच्या मनातलं आपण ऐकलेलं असतं. रोजनिशी फक्त घरच्यांना होती. पाहुण्याला नव्हती.

हे माझ्या लक्षात आलं ते टीव्ही बघताना नाही, शाळेत. आणि फार उशिरा.

डी. एड. झाल्यापासून मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या चौथीच्या वर्गात निम्मी मुलं गावातली आणि निम्मी बांधकामावर काम करणाऱ्या आईवडिलांची. इथे इमारत उभी राहत असते तोवर ती कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहतात, काम संपलं की दुसरीकडे जातात. अशा मुलांना वर्षाच्या मध्येही, हातात दाखला नसला तरी, शाळेत घ्यायचं असतं. 2009 चा शिक्षणहक्क कायदा तसं सांगतो. त्यामुळे दिवाळीनंतर नवे चेहरे वर्गात दिसतात.

तसाच तो आला, नांदेडकडून. त्याचं नाव मी सांगणार नाही. खरं सांगायचं तर तो कोणालाच आवडला नाही. दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसायचा आणि उठायचा नाही. खिचडी खाताना म्हणायचा, "आमच्या तिकडं याच्याहून झ्याक असती." कोणी फळ्यावर गणित चुकलं की सगळ्यांच्या आधी मोठ्यांदा हसायचा, आणि स्वतःचं चुकलं की खडूला दोष द्यायचा. मी रागावले तर मान खाली घालायची सोडून माझ्याकडे टक लावून बघायचा. मधल्या सुट्टीत त्याच्या तक्रारी ऐकून माझा चहा गार व्हायचा.

तेव्हा स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. मी एक नाटुकलं लिहिलं. एक छान कुटुंब आणि त्यांच्याकडे टपकलेला आगाऊ पाहुणा. आमच्या मीठ-कमी काकांच्या सगळ्या लकबी मी त्यात घातल्या. शेवटी घरचे युक्ती करून पाहुण्याला पळवून लावतात आणि हात धरून नाचतात. वर्गात वाचून दाखवलं तर मुलं हसून हसून बाकांवर आडवी झाली. आई, बाबा, आजी व्हायला भराभर हात वर झाले. "आणि पाहुणा कोण होणार?" सगळे हात खाली! मग मागून आवाज आला, "बाई, त्यालाच करा ना. तो तसाच आहे."

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

तुम्हाला वाटेल, त्याला वाईट वाटलं असेल. काय माहीत! तो तर ताडकन उठून पुढे आला. काम मात्र असं करायचा की बस्स! पहिल्याच तालमीत त्याने ढेकर दिला, बाबांची खुर्ची रुमालाने झटकली आणि पाय वर घेऊन बसला. हे मी लिहिलेलंसुद्धा नव्हतं. पाहुण्याचं सामान म्हणून त्याने घरून एक मोठी चौकड्यांची चेनची पिशवी आणली. रोज संध्याकाळी तो ती परत मागायचा. मी म्हणायचे, "अरे, कशाला रोजची ने-आण? राहू दे कपाटात." तो म्हणायचा, "लागती घरी." मला तो हट्ट वाटला. शेवटी मी पिशवी कपाटात ठेवून कुलूपच लावलं.

एकदा तालीम संपल्यावर त्याने विचारलं, "बाई, मंग तो पाहुणा जातो कुठं?"

"कुठेही जाईल. आपलं नाटक तिथे संपतं."

"मंग म्या पिशवी घेऊन कुठवर जाऊ?"

"दारापर्यंत जा आणि तिथेच थांब," मी म्हटलं, आणि वह्या तपासायला घेतल्या.

संमेलनाला दहा-बारा दिवस उरले असतील. मी हजेरी घेत होते. तो दारात उभा, गणवेश नाही, दप्तर नाही. "बाई, पिशवी पायजे." रस्त्यावर टेम्पो उभा होता; त्यात गाद्या, घमेली, एक सायकल आणि वर बसलेली दोन लहान मुलं. ती पिशवी म्हणजे त्यांचं कपड्यांचं कपाट होतं, मुलांनो. एका जागेहून दुसरीकडे जाताना सगळ्यांचे कपडे तिच्यात भरले जायचे. त्या सकाळी ते कपडे साडीत गाठोडं बांधून टेम्पोत ठेवले होते, कारण पिशवी माझ्या कपाटात होती.

आणि मी काय म्हणाले असेन? "अरे, मग आता नाटकाचं काय?"

तो काही बोलला नाही. मी पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, पिशवी दिली. ती डोक्यावर घेऊन तो पळत गेला. टेम्पोचा हॉर्न दोनदा वाजला. मी पुढचा हजेरी क्रमांक पुकारला.

पालकहो, आपल्यालाही माणसांना भूमिका वाटून टाकायची सवय असते, बरं का. मी तर शिक्षिका!

नाटकाला पाहुणा उरला नाही. ज्याने 'त्यालाच करा' म्हटलं होतं, त्याला मी विचारलं. त्याचे डोळे भरून आले. "नको बाई. मग मला सगळे तसंच म्हणतील." दुसराही कोणी तयार होईना. शेवटी मीच पाहुणी झाले. हातात पोतं घेतलं, खुर्ची झटकली, मीठ कमी असल्याचं सांगितलं. लोक खूप हसले. शेवटी मुलांनी मला हाकललं, मी दारापर्यंत गेले आणि पडद्याआड थांबले. पलीकडे सगळे 'सुटलो, सुटलो!' म्हणत नाचत होते, पालक टाळ्या वाजवत होते. नाटक माझंच, वाक्यं माझीच. तरी तिथे अंधारात पोतं धरून उभं राहायला मला बरं वाटलं नाही.

त्यानंतरच्या सुट्टीत मी मीठ-कमी काकांच्या गावी गेले. म्हटलं, बघू तरी, हा पाहुणा स्वतःच्या घरी कसा असतो. घरी ते देवमाणूस निघाले, असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं काही नव्हतं. पहिल्या घासालाच म्हणाले, "मीठ जरा कमी झालंय." काकू हसल्या आणि न बोलता मिठाची वाटी पुढे सरकवली. ती आधीपासूनच त्यांच्या ताटाशी होती. नात त्यांच्या मांडीवर बसून रिमोट ओढत होती, आणि ते देत नव्हते. मला निरोप द्यायला मात्र एसटीच्या थांब्यापर्यंत काठी टेकत आले. वाटेत माझा पगार विचारलाच.

तुमच्यापैकी कोणी 'गोट्या' वाचलं आहे? ना. धों. ताम्हनकरांचं. त्यावर 1990 च्या सुमारास दूरदर्शनवर मालिकाही झाली, राजदत्तांनी केलेली. गोट्या अनाथ. तोही बाहेरून आलेलाच, पण त्या घराचा झाला, राहिला. म्हणून आपल्याला त्याच्या खोड्याही गोड वाटतात. एकाच भागात त्याला परत पाठवलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं, कोण जाणे.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ही मुलं पाचवीत गेली होती. मी त्यांना एका तासापुरतं मागून घेतलं आणि सांगितलं, "आपल्या नाटकातला पाहुणा त्या रात्री रोजनिशी लिहितो. लिहा बघू." काहींनी पानभर थट्टाच केली. एकीने लिहिलं, 'आज पोहे मिळाले. तिखट होते. मी तसं बोललो तर सगळे गप्प झाले. का ते समजलं नाही.' आणि तो 'त्यालाच करा' म्हणणारा बराच वेळ पेन चावत बसला होता. त्याच्या वहीत एवढंच होतं, 'मला खुर्ची आवडली. आमच्याकडे खुर्ची नाही.'

मुलं लिहीत होती तेव्हा मीही टेबलाशी बसून एक पान लिहायला घेतलं. पाहुण्याचं नाही, त्याचं. त्या सकाळचं. दारात उभं राहिल्यापासूनचं सगळं लिहिलं; कुलूप, पिशवी, पळत जाणं, टेम्पोत चढणं. मग लिहिलं, 'टेम्पो सुटला आणि आम्ही निघालो', आणि पुढे गावाचं नाव लिहायला पेन टेकवला तर लक्षात आलं, कुठे चाललात, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.